निशाणाला वळसा

माझ्या वेल्डिंगच्या शेडमध्ये आढ्याला एक ताणकाटा टांगलेला आहे. पूर्वी त्यावर बेदाण्याच्या पेट्या तोलायचे. शर्यतीची छकडी तयार झाली की मी तिची दांडी जुवाच्या जागी या काट्याला अडकवतो, बैलाच्या खांद्याइतकी उंची धरतो आणि भाच्याला गाडीवर उकिडवा बसवतो. तो पुढं-मागं सरकतो आणि मी काटा वाचतो. वीतभर पुढं आला की पाचएक किलो वाढतात, वीतभर मागं गेला की तेवढेच उतरतात, आणि आणखी चार बोटं मागं गेला तर दांडी वर उठायला बघते. म्हणजे गाडी उलाळली. उलाळलेली गाडी जुपण्यांनी बैलाचा गळा खालून आवळते आणि त्याचा श्वास कोंडतो. पुढं जड झालेली गाडी खांदा सोलते. या दोन्हींच्या मधली जागा सापडायला आम्हाला कधी एक संध्याकाळ लागते, कधी आठवडा जातो.

माझे वडील हेच काम दोन बोटांवर करायचे. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. गाडी जुंपायच्या आधी ते जुवाच्या मधोमध खालून दोन बोटं लावायचे आणि गाडीवानाला म्हणायचे, ‘‘दादा, जरा मागं. आता थोडं पुढं. हां, तिथंच बस, हलू नको.’’ जू बोटांवर टेकलं पाहिजे, पण बोटं दुखता कामा नयेत, एवढंच त्यांचं माप. मी काटा टांगला तेव्हा मला वाटलं होतं, आपण आण्णांच्या पुढं गेलो. दोनचार गाड्या झाल्यावर कळलं की काट्यावर मला जो आकडा बरोबर वाटतो, तो त्यांच्या दोन बोटांचाच आहे.

आमचं घर सुतारांचं. कवठे महांकाळात आजोबांनी गाड्या केल्या, आण्णांनी गाड्या केल्या, मी लोखंडाकडं वळलो. गोठ्यात एक बैल असतो. तो शेतीसाठी ठेवलाय असं मी घरात सांगत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे की तो पळण्यासाठी आहे. वर्षाला पाचसहा मैदानं करतो. मोठं बक्षीस कधी लागलेलं नाही. तरी गाडी एखाद्या वेळी जशी जायला हवी तशी गेली, तर पुढचे दोन महिने तेच डोळ्यांपुढं राहतं. बैलाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत आणि बैलाचा मान मोठाच आहे. मला लिहायचंय ते गाडीबद्दल आणि ती हाकणाऱ्या हाताबद्दल. आमच्या भागात या दोन्हींचा इतिहास बैलाच्या इतिहासाइतकाच जुना आहे, फक्त तो कुणी मांडलेला नाही.

आधी थोडं आमच्या रानाबद्दल. मिरजेकडून पंढरपूरच्या वाटेला लागलं की कृष्णाकाठची काळी जमीन मागं पडते आणि माळ सुरू होतो. अग्रणी नदी आमच्या तालुक्यातून जाते, पण नदी म्हणावी असं पाणी तिला पावसाळ्यातच. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, द्राक्षं आली, बेदाणा आला, ही गेल्या काही वर्षांची गोष्ट. त्याआधी ज्वारी-बाजरी, शेळ्या-मेंढ्या आणि खिल्लार बैल यांवरच माणसं जगली. खिल्लार म्हणजे मुळात गुरांचा कळप, आणि तो राखणारा खिल्लारी. या जनावराचं मूळ म्हैसूरच्या हळ्ळीकार जातीकडं जातं असं जाणकार मानतात, पण त्याला आजचं रूप दिलं ते माणदेशानं. स्वातंत्र्याआधी आटपाडी औंध संस्थानात होती. ‘आटपाडी महाल’ हा खिल्लारचा प्रकार त्या नावानंच ओळखला जातो, आणि खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेतला बैलबाजार अजून भरतो. पातळ कातडी, लांब मागं वळलेली शिंगं, टणक काळे खूर, तापट स्वभाव. हे जनावर चिखलातल्या जड ओढीपेक्षा कोरड्या माळावरच्या लांब चालीसाठी घडलं. चाल असलेलं जनावर आणि मोकळा माळ एका ठिकाणी आले की शर्यत कुणी सुरू केली हे विचारावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट जमिनीनंच दिली. कोरडवाहू शेतकऱ्याला दोन बैल पोसणं जड जायचं. मग एकाचा एक, दुसऱ्याचा एक, असे दोन जुंपून दोघांची शेतं आळीपाळीनं करायची. याला पैरा म्हणतात. आज शर्यतीच्या मैदानात एका मालकाचा बैल दुसऱ्याच्या बैलाबरोबर पळतो आणि लोक विचारतात, ‘‘पैरा कुणाशी केलाय?’’ लाखांचे बैल असतात, पिकअपमधून शंभर किलोमीटरवरून येतात, पण शब्द नांगरटीचाच राहिला आहे. माझाही बैल पैऱ्यावरच पळतो. तो डाव्या खांद्याचा आहे, म्हणून मला उजव्या खांद्याचा जोडीदार शोधावा लागतो. दोन्ही खांद्यांनी पळणारा बैल ज्याच्या दावणीला आहे, त्याला मैदानात फार मान असतो.

आता गाडी. आण्णांच्या तरुणपणी शर्यतीची गाडी अशी वेगळी वस्तू नव्हती. शेणखत वाहणारी, बाजाराला जाणारी, लग्नाचं वऱ्हाड नेणारी गाडीच यात्रेच्या दिवशी पळायची. आदल्या रात्री तिचे साटे उतरवायचे, बाजूच्या फळ्या काढायच्या, वंगण बदलायचं. राहायचा तो सांगाडा: दांड्या, आस, दोन चाकं आणि जू.

चाक करायचं म्हणजे बाभळीचं लाकूड. मधला तुंबा बाभळीचा, बारा आरे बाभळीचे, आणि भोवती सहा पुठे जोडून गोल पुरा करायचा, एका पुठ्यात दोन आरे. आरे तुंब्यातून अगदी सरळ काढायचे नाहीत, किंचित बाहेर कलते ठेवायचे. गाडी हेलकावली की सगळा भार एका चाकावर कडेनं येतो, तेव्हा कललेला आरा तो सोसतो. सरळ आऱ्याचं चाक छत्रीसारखं उलटं होतं. मला हे लहानपणी खोटं वाटायचं. वाकडं चाक मजबूत कसं असेल? आण्णांनी एकदा खराट्याच्या काड्या गाजराच्या चकतीत खोचून दोन चाकं केली, एक सरळ काड्यांचं, एक कलत्या काड्यांचं, आणि मला तळहातानं कडेनं दाबायला सांगितलं. सरळ चाक लगेच लवलं.

धाव चढवायचा दिवस म्हणजे आमच्या अंगणात सण असायचा. लोखंडी पट्टीचं कडं चाकाच्या घेरापेक्षा दोन बोटं कमी मापाचं जोडलेलं असे. जमिनीवर गोवऱ्यांचं रिंगण करून त्यात ते कडं ठेवायचं आणि पेटवायचं. लोखंड लाल झालं की तापून पसरतं. मग तिघंजण लांब सांडशीनं ते उचलून चाकावर बसवायचे, घणानं चहूकडून ठोकायचे. लाकूड पेटायचं, धूर डोळ्यांत जायचा आणि तेवढ्यात आई आणि थोरली वहिनी घागरी ओतायच्या. थंड होताना धाव आक्रसायची आणि सहा पुठे, बारा आरे, तुंबा, सगळे सांधे कडकड वाजत एकमेकांत घुसायचे. आण्णा डोळे मिटून तो आवाज ऐकत. बारा आऱ्यांचे बारा आवाज यायला पाहिजेत असं ते म्हणत. एखादा आला नाही तर कोणत्या आऱ्याचा राहिला ते हातोडी लावून शोधत. आज मी बेअरिंग बसवताना तसाच कान लावतो. बसलेल्या बेअरिंगचा आवाज वेगळा येतो.

अशी गाडी पळायची ती आरत-परत. इथून निघायचं, दूरच्या निशाणाला वळसा घालायचा आणि निघालो तिथंच परत यायचं. दोन-तीन किलोमीटरचं अंतर, कधी जास्तही. मिरजेपासून अथणीपर्यंतच्या पट्ट्यात हीच रीत होती. या शर्यतीत नुसता वेग कामाला येत नाही. बैलाचा दम राखावा लागतो, वाटेतले खड्डे माहीत असावे लागतात, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते निशाणाचं वळण. आमच्या भागातला चांगला गाडीवान वळणावरून ओळखला जायचा.

ते वळण मला आण्णांच्या एका मित्रानं शिकवलं. आम्ही त्यांना बापू म्हणायचो. ते जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या हाकत आले, स्वतःचा बैल त्यांच्याकडं कधी झाला नाही. त्यांनी मला अग्रणीच्या कोरड्या पात्रात एक काठी रोवून दिली आणि रोज पहाटे तिच्याभोवती गाडी फिरवायला लावली, पंधरा दिवस. निशाण डाव्या हाताला. तीसएक पावलं आधी कासरा गोळा करायचा, पण हिसका द्यायचा नाही. डावा बैल आतला. त्यानं थबकावं, पण थांबू नये. उजवा बाहेरचा. त्याला मोठं रिंगण काटायचं असतं, म्हणून त्याचा कासरा सैल सोडून त्याला तोंडानं बोलवायचं. गाडी वळू लागली की डावं चाक उचलतं, कारण गाडी बाहेर कलंडायला बघते. त्याच क्षणी गाडीवानानं आपलं अंग डाव्या चाकावर टाकायचं, इतकं की कान चाकाच्या वर आला पाहिजे. वळण निम्मं झालं की दोन्ही कासरे सोडून द्यायचे आणि पुढं झुकायचं.

मी चार दिवस तीच चूक करत होतो. निशाणापर्यंत जोरात जायचो आणि वळतावळता कासरा ओढायचो. आतला बैल मान वर करून अडायचा, बाहेरचा त्याच्या अंगावर यायचा आणि गाडी लांबच्या लांब रानात जायची. बापू काठावर बसून बघत. चौथ्या दिवशी म्हणाले, ‘‘लेका, वेग वळणाच्या आधी सोडायचा असतो. वळणात सोडलास तर तो कुणाच्याच हाती राहत नाही.’’ दुसऱ्या दिवशी मी दहा पावलं आधी कासरा घेतला. हळू वाटलं, पण गाडी काठीपासून हातभर अंतरावरून फिरली आणि बैल वळणातून बाहेर पडले ते पळतच.

माझा भाचा कोल्हापूरला शिकायला होता. तिथं छोट्या शर्यती मोटारींचा ट्रॅक आहे, तो मित्रांबरोबर जायचा. एका दिवाळीला आला आणि मला समजावू लागला की मामा, तिथले शिकवणारे सांगतात, ब्रेक वळणाच्या आधी सरळ रेषेत मारायचा, वळणात मारायचा नाही, आणि बाहेर पडताना गाडी मोकळी सोडायची. चाकातली हवा, वजन पुढं किती मागं किती, याचं ते वहीत टिपण ठेवतात. मी त्याला नदीकाठी नेलं आणि बापूंनी काठी रोवली होती ती जागा दाखवली. तेव्हापासून तो छकडीवर बसतोय, आणि आमच्याही शेडमध्ये एक वही आहे.

छकडी हलकी होत गेली ती माझ्या डोळ्यांसमोर. आधी शेतीची गाडी आणि शर्यतीची गाडी वेगळी झाली. मग लाकडी दांड्यांच्या जागी पाइप आले, आसाला बेअरिंग आलं, चाकांचा घेर कमी झाला. ऊस वाहणाऱ्या गाड्यांना टायर आले तेव्हाच लाकडी चाकाची मागणी संपत चालली होती. शर्यतीमुळं आण्णांच्या हाताला काम राहिलं. त्याच सुमारास मैदानंही बदलली. सातारा-सांगलीकडं सरळ चाकोरीच्या शर्यती वाढल्या. माळावर शेजारी शेजारी तास आखायचे, चिठ्ठ्या टाकून कुणाला कोणता तास ते ठरवायचं, गटात पहिला येईल तो सेमीला, तिथून फायनलला. झेंडा पडला की सुटी, म्हणजे गाड्या सुटतात, आणि काही सेकंदांत निकाल. मुळात चाकोरी म्हणजे चाकांनी पाडलेली वाट. गावातल्या सगळ्या गाड्यांचं चाकांमधलं अंतर एकसारखं ठेवावं लागे, नाहीतर गाडी दुसऱ्याच्या चाकोरीत चालायची नाही. आण्णांकडं त्या मापाची एक काठी होती. ती अजून माझ्याकडं आहे, पण आता तिच्या मापानं कुणी गाडी करत नाही.

सरळ मैदानाला वळण नाही. मग गाडीवानाचं काम सुटीच्या क्षणावर आलं. बैल उसळी घेतात तेव्हा दांडी वर उचलली जाते, म्हणून त्या वेळी अंग पुढं टाकायचं. गाडी वेगात आली की मधल्या जागेवर यायचं, बैल तासाबाहेर जातोय असं वाटलं की ज्या बाजूला जातोय त्याच्या उलट बाजूला कललं पाहिजे. हेही कौशल्यच आहे, मी ते कमी मानत नाही. पण या शर्यतीत हात न शिकताही जिंकता येत होतं, कारण हाताच्या जागी काठी होती.

यावर मला स्पष्ट लिहायचं आहे. मैदानात काय चालायचं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. काठीच्या टोकाला खिळा, शेपटी पिळणं, चावणं, विजेचा झटका, सुटीच्या आधी पाजलेली दारू. सगळे असं करत नव्हते, पण करणाऱ्याला मैदानातून कुणी हाकलूनही देत नव्हतं. मीही एका फायनलला बैलाच्या पुठ्ठ्यावर काठी मोडेपर्यंत मारलेलं आहे. त्या रात्री आण्णांनी हळद-तेल घेऊन त्याचे वळ चोळले, माझ्याशी बोलले नाहीत. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदमळणी करताना ते नेहमी म्हणत, की जो खांदा आपण वर्षातून एकदा मळतो, तो वर्षभर आपल्यासाठी झिजलेला असतो. त्या वर्षी त्यांनी खांदमळणीचं तूप माझ्या हातात दिलं नाही.

जुलै 2011 मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. त्यात ज्या प्राण्यांना खेळासाठी शिकवायला आणि दाखवायला मनाई आहे, त्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह होते. आता तिथं बैल आला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूची जल्लीकट्टू आणि आपल्या शर्यती, दोन्ही बंद केल्या. जानेवारी 2016 मध्ये केंद्रानं सवलतीची अधिसूचना काढली, तिला काही दिवसांतच स्थगिती मिळाली. 2017 मध्ये महाराष्ट्रानं त्या कायद्यात स्वतःची दुरुस्ती केली, तर उच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली. शेतकरी चावडीवर बसून ‘स्थगिती’, ‘घटनापीठ’ असे शब्द बोलू लागले.

त्या वर्षांत आमच्या धंद्याचं काय झालं ते सांगतो. पळणारा बैल विकायला निघाला की त्याला नांगराच्या बैलाची किंमत यायची, आणि नांगराला तोवर ट्रॅक्टर आला होता. खिल्लार खोंड जन्मला की घरात आनंद व्हायचा, तो थांबला. चोरून शर्यती व्हायच्या, पहाटे, आडमाळावर. मी दोनदा गेलो आणि नंतर जाणं सोडलं, कारण चोरीच्या मैदानात पंच नाही, डॉक्टर नाही आणि काठीला धरबंध नाही. ज्या क्रूरतेसाठी बंदी आली ती तिथं जास्तच दिसायची. आण्णा 2016 मध्ये गेले. बापू त्यांच्या आधीच गेले होते. वळण माहीत असलेली पिढी त्या वर्षांत एकेक करून गेली, आणि पंधरा-सोळा वर्षांची पोरं, ज्यांनी त्यांच्या शेजारी गाडीवर बसून शिकायचं, ती पोरं त्या काळात कधी गाडीवर बसलीच नाहीत. बैलाची पैदास काही वर्षांत परत उभी करता येते. हाताचं तसं नाही. हातातून हात निघतो, मधला एक हात सुटला की पुढच्याला सुरुवातीपासून चाचपडावं लागतं.

ऑगस्ट 2021 मध्ये शेजारच्या आटपाडी तालुक्यात झरे गावाच्या बाजूला बंदी मोडून शर्यत झाली आणि राज्यभर गाजली. मला तो मार्ग पटला नव्हता, पण त्या गर्दीमागची तगमग माझीही होती. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं नियम पाळून शर्यतींना वाट मोकळी केली. पुण्याकडं ठरलेलं मैदान कोविडमुळं ऐनवेळी रद्द झालं, आणि परवानगीनं झालेली पहिली शर्यत 2022 च्या जानेवारीत झाली ती आमच्याच तालुक्यात, नांगोळ्याला.

मी तिथं होतो. थंडी होती, माळावर धुकं होतं, आणि माणसं धुक्यातून येतच होती. पोलीस होते, कॅमेरे होते, जनावरांचे डॉक्टर होते. गाड्या उभ्या राहिल्या, आणि मी इतक्या वर्षांत न पाहिलेली गोष्ट पाहिली: गाडीवानांचे हात मोकळे होते. काठी नाही, चाबूक नाही. नव्या नियमांत मैदान हजार मीटरच्या आत, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलाची तपासणी, आणि क्रूरता केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. झेंडा पडला आणि माझ्या शेजारचे एक म्हातारे रडायला लागले. मलाही आवरलं नाही. पण त्याच फेऱ्यात मी हेही पाहिलं की अर्ध्या गाड्या सुटीलाच उलाळल्या. पोरांना काठीशिवाय काय करायचं ते ठाऊक नव्हतं. अंग कुठं टाकायचं, आवाज कधी द्यायचा, कासरा कधी सोडायचा, हे त्यांना सांगणारं कुणी राहिलं नव्हतं.

18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा कायम केला आणि टांगती तलवार गेली. बक्षिसंही वाढत गेली. त्याच वर्षी खानापूर तालुक्यात भाळवणीला थार गाडी ठेवली होती. नोव्हेंबर 2025 मध्ये आमच्या तालुक्यात बोरगावला डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटलांनी श्रीनाथ केसरी मैदान भरवलं, त्यात पहिलं बक्षीस फॉर्च्युनर होतं. आण्णांच्या काळी नारळ आणि पटका मिळायचा. मोठ्या बक्षिसांनी खिल्लारला पुन्हा किंमत आली, हे मी डोळ्यांनी पाहतोय आणि त्याचं मला समाधान आहे. काळजी एवढीच की सगळा पैसा बैलात जातो. गाडी मात्र मैदानाच्या आदल्या दिवशी कुणाची तरी मागून आणतात, जू खांद्याला बसतंय का हेसुद्धा बघत नाहीत.

मी स्वतः त्यातून शिकलोय. बंदी उठल्यानंतर केलेल्या पहिल्या छकडीत मी वजन वाचवायच्या हट्टापायी आस बारीक घेतला आणि बेअरिंग गच्च ठोकून बसवलं. सरावाच्या तिसऱ्या फेऱ्याला बेअरिंग तापून धरलं, डावं चाक अडलं, गाडी फिरली आणि दांडीचा फटका बैलाच्या मागच्या पायाला बसला. हाड वाचलं. तीन महिने तो जागेवर होता, रोज सकाळ-संध्याकाळ मी त्याचा पाय शेकत होतो. चूक संपूर्ण माझी होती. तेव्हापासून वहीत पहिल्या पानावर आसाची जाडी लिहिली आहे आणि तिच्याखाली मी जात नाही.

वहीत आता पुष्कळ काही आहे. प्रत्येक सरावाला मोबाइलवर वेळ, वाऱ्याची दिशा, माळ ओला की कोरडा. जुवावरचं वजन. भाचा कुठं बसला, त्याची खूण साट्यावर खडूनं केलेली. जू दोन बोटं पुढं घेतलं तर बैलांची मान मोकळी राहते, पण गाडी शेपूट हलवते. जुवाच्या शिवळा आणि मान यांत किती जागा सोडायची. आमच्या बैलाला शीळ चालत नाही, तो बुजतो. त्याला खालच्या आवाजात, ओळखीच्या माणसानं दिलेली हाक चालते. ती हाक सुटीपासून साठाव्या पावलाला दिली तर तो उरलेलं सगळं अंतर त्यावर काढतो, आधी दिली तर मध्येच सोडून देतो. हे साठ पावलांचं आम्हाला दीड वर्षांनी सापडलं. या काळात त्याच्या अंगाला काठी लागलेली नाही, आणि वहीतल्या वेळा बघितल्या तर तो माझ्या काठीच्या काळातल्या कुठल्याही बैलापेक्षा जोरात पळतोय.

मैदान भरवणाऱ्यांना मी गेली दोन वर्षं एकच गोष्ट सांगत फिरतोय. हजार मीटरमध्ये पाचशे जाणं आणि पाचशे येणं बसतं. एक गट आरत-परतचा ठेवा. बैलाचा वेग बघायला सरळ मैदानं आहेतच, हात बघायला एक निशाण रोवा. काहीजण म्हणतात, लोकांना तेवढा धीर नाही, मोबाइलवर सरळ शर्यत चांगली दिसते. काहींनी विचार करतो म्हटलंय. आमच्या आरेवाडीच्या बिरोबाला, खरसुंडीच्या सिद्धनाथाला ज्या रस्त्यांनी गाड्या गेल्या, ते रस्ते वळणांचेच होते. वळताच येत नाही अशी गाडी या रानात कुणाच्या उपयोगाची नव्हती.

मागच्या रविवारी पहाटे आम्ही अग्रणीच्या पात्रात गेलो. म्हैसाळचं पाणी सोडलं की आता तिथं ओल असते, म्हणून कोरडी जागा शोधावी लागली. भाच्यानं काठी रोवली, आणि तिच्या टोकाला आण्णांची ती मापाची काठी आडवी बांधली, लांबून दिसावी म्हणून. पहिल्या फेऱ्याला तो लांब गेला. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला त्यानं कासरा जरा लवकर गोळा केला, आतला बैल थबकला, बाहेरच्यानं रिंगण घेतलं, आणि भाच्यानं अंग डाव्या चाकावर टाकलं. अजून वीतभर कमी पडलं. डावं चाक उचललं, क्षणभर वाळूच्या वर फिरत राहिलं आणि टेकलं. मी काठावरून ओरडलो, ‘‘कान चाकाच्या वर आण!’’ त्यानं हात वर करून ऐकू आल्याचं सांगितलं आणि चौथ्या फेऱ्यासाठी गाडी मागं घेतली.